वरची पानं की खालची

झाडाचं पान पिवळं पडलं की माणसं आधी पानाकडे बघत नाहीत, एकमेकांकडे बघतात. पाटीवाल्याच्या घरात तेच झालं. मागच्या अंगणात, त्याच्या कामाच्या शेडला लागून लावलेलं अनंताचं झुडूप पिवळं पडायला लागलं. घरात माणसं तीन. त्यातल्या दोघींनी तिसऱ्याकडे बघितलं.

"मी काय केलं?" तो म्हणाला.

"तुम्ही काही केलंत असं कुणी म्हणालं का?" बायको म्हणाली.

"तोंडानं नाही म्हणालं," सासूबाई म्हणाल्या.

त्याला सगळे पाटीवाला म्हणत, कारण तो संगमरवरावर नावं कोरायचा. दारावरच्या पाट्या, इमारतींच्या कोनशिला, थडग्यांवरचे दगड, दवाखान्यांच्या भिंतीवर लावायच्या देणगीदारांच्या फरश्या. बापाचाही हाच धंदा. बापाचा हात थरथरायला लागला तेव्हा छिन्नी याच्या हातात आली. तुला दुसरं काही करायचं होतं का, असं त्याला कुणी विचारलं नाही. त्यानंही स्वतःला विचारलं नाही. दगड बोलत नाही, ही या धंद्यातली सोय; गिऱ्हाईक बोलतं, ही अडचण. गिऱ्हाईक येतं, खुर्चीत बसतं आणि म्हणतं, लिहा काहीतरी छानसं. काहीतरी छानसं म्हणजे काय, असं विचारलं की तोंडाकडे बघत राहतं. माणसं आयुष्यभर नाव सांगत हिंडतात आणि ते दगडात घालायची वेळ आली की त्यांना फोन करून घरी विचारावं लागतं. या गोष्टीचा त्याला इतक्या वर्षांनंतरही रोज नव्यानं वैताग यायचा.

दगड कापायच्या मशीननं त्याचा डावा कान पुरता गेला होता आणि उजवा निम्मा. बायको वाचनालयात कामाला. दिवसभर तिथे पुटपुटल्यासारखं बोलून तिचा आवाजच तेवढा झालेला. संध्याकाळी ती घरी येऊन काही सांगायची, तो 'काय' म्हणायचा, ती पुन्हा सांगायची, तो पुन्हा 'काय' म्हणायचा, मग ती म्हणायची, जाऊ दे. त्यांच्या संसारात 'जाऊ दे' हा शब्द मिठासारखा झाला होता; प्रत्येक गोष्टीत थोडा पडायचाच. काय काय जाऊ दिलं याचा हिशेब आता दोघांकडेही नव्हता.

अशा घरात सासूबाई आल्या. त्यांचं आयुष्य सूतगिरणीत गेलेलं. यंत्रांच्या खडखडाटात शेजारणीला हाक मारायची म्हणजे नदीपलीकडच्या माणसाला मारल्यासारखी मारावी लागे. गिरणी सुटली, आवाज सुटला नाही. मीठ मागायचं तरी आग लागल्यासारखं मागायच्या. शेजारपाजारच्यांनी खिडक्या लावून घेतल्या. बायको दिवसातून अनेकदा 'आई, हळू' म्हणायची, आणि ते इतकं हळू म्हणायची की आईला ऐकू जायचं नाही.

त्यांनी राहतं घर सोडलं ते दोन पिशव्या आणि गोणपाटात मुळं गुंडाळलेलं हे अनंताचं झुडूप घेऊन. दुपारचं ऊन त्याला सोसत नाही, असं त्यांनी दारातच जाहीर केलं. सगळीकडे फिरून, जागा नाकारत, शेवटी त्यांनी शेडच्या सावलीतला कोपरा पसंत केला. खड्डा जावयानं खणला. माती लोटून झाल्यावर त्या कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या, "जावईबापू, सांगून ठेवते. हे इथे लागलं तर मी इथली. नाही लागलं तर धाकटीकडे जाते. ती बोलावतेच आहे."

धाकटी लांब, दुसऱ्या शहरात, सातव्या मजल्यावर. तिच्याकडे झाडाला जागा नव्हती, पण आईला होती.

"बरं," तो म्हणाला. मनात म्हणाला, काय कटकट आहे.

आणि कटकट होतीच. शेडच्या दारात एक लाकडी खोका उपडा घालून त्या झाडाशेजारी बसत आणि तोंडाचा पट्टा सुरू करत. मशीन चालू असो, बंद असो. त्याचं काम, त्याचं बसणं, त्याचा फाटका बनियन, काही सुटत नसे. कोरायला घेतलेल्या माणसांनाही त्या सोडत नसत.

"काय लिहिलंय त्याच्यावर?"

"प्रेमळ पती आणि पिता."

"कुणी सांगितलं लिहायला?"

"बायकोनं."

"मग नसणार. प्रेमळ असता तर तिला लिहावंसं वाटलं नसतं. रडत बसली असती."

तो मान हलवायचा आणि छिन्नी चालवायचा. एकदा त्याच्या लक्षात आलं की आज दिवसभरात आपण एकदाही 'काय' म्हणालो नाही. सगळं पहिल्या फटक्यात ऐकू आलं होतं. टोमणे, गिरणीतल्या मुकादमाच्या गोष्टी, धाकटीच्या नवऱ्याच्या खोडी, सगळं. हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. जे सांगितलं की हसू होईल आणि नाही सांगितलं तर आत ठणकत राहील, अशा गोष्टींसाठी त्याच्याजवळ एक जागा होती, आणि ती बऱ्यापैकी भरली होती.

तर अनंत पिवळा पडायला लागला.

पहिलं निदान समोरच्या निवृत्त कंपाउंडरनं केलं. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. हात मागे बांधून ते झाडापुढे उभे राहिले, दोन पानं चोळून पाहिली आणि म्हणाले, "अशक्तपणा." जुलाबाचं मीठ पाण्यात कालवून घाला म्हणाले. माणसाला चालतं तेच झाडाला. ते मीठ पाण्यात गेलं, पाणी मातीत गेलं, झाड होतं तिथेच राहिलं.

मग बायकोनं वाचनालयातून बागकामाचं पुस्तक आणलं. त्यात लिहिलं होतं, पाणी जास्त झालं की पानं पिवळी पडतात. पुढच्याच पानावर लिहिलं होतं, पाणी कमी झालं की पानं पिवळी पडतात. पुढे होतं, ऊन जास्त, ऊन कमी, खत जास्त, खत कमी, मुळाला कीड, जागेचा बदल. तिनं ते सगळं त्याला वाचून दाखवलं आणि त्याला ते अर्धंमुर्धं ऐकू आलं, तेवढ्यानंही त्याचं डोकं भणभणलं.

"म्हणजे काहीही केलं तरी पिवळं पडतं," तो म्हणाला. "हे सांगायला पुस्तक कशाला लागतं?"

ती काहीतरी म्हणाली.

"काय?"

"जाऊ दे."

सासूबाईंचं निदान वेगळं आणि ठाम होतं. "तुमच्या मशीनच्या आवाजानं घाबरलंय ते."

"आई, झाडाला कान नसतात."

"तुम्हाला तरी कुठे आहेत? तुम्ही जगताय ना?"

आता या सगळ्यात त्याचा स्वतःचा एक इलाज चालू होता, आणि त्याबद्दल तो कुणाशी बोलला नव्हता. त्याच्या बापानं याच अंगणात कोबी लावला होता. दगड घासून जी पांढरी भुकटी पडे ती बाप मुठीमुठीनं त्या वाफ्यात टाकायचा. एकेक गड्डा लहान मुलाच्या डोक्याएवढा व्हायचा. "दगड अंगी लागतो," बाप म्हणायचा, "माणसाच्या नाही, झाडाच्या." बापानं आयुष्यात त्याला छिन्नी कशी धरायची ते शिकवलं आणि हे एक वाक्य दिलं. बाकी बापही दगडासारखाच होता. त्यामुळे हे वाक्य त्यानं कधी तपासून पाहिलं नाही. वारशानं आलेली वस्तू कुणी वाजवून बघत नाही.

तेव्हा पहिलं पान पिवळं दिसलं त्याच दिवशी त्यानं शेडमधली मूठभर भुकटी आणून बुंध्याभोवती पसरली आणि वर पाणी घातलं. झाड सुधारलं नाही, तेव्हा आणखी मूठभर. दोघी घरात नसताना, किंवा झोपल्या असताना. झाड जितकं फिकट होई तितका त्याचा हात सैल होई. बापानं दिलेलं औषध कमी पडत असेल, चुकीचं कसं असेल? शिवाय शेडमधून उडणारी भुकटी वाऱ्यानं त्या कोपऱ्यात रोज बसायची ती वेगळी. त्याला वाटे, बरं आहे, फुकटचं खाणं मिळतंय.

झाड मात्र खाऊन खंगत होतं. शेंड्याची पानं लिंबाच्या सालीसारखी झाली. कळ्या आल्या त्या न उघडताच तपकिरी होऊन गळाल्या. सासूबाई खोक्यावर बसत, पण बोलणं कमी झालं होतं. आधी त्याला वाटलं, सुटलो. मग दुसऱ्या दिवशीही त्या गप्प बसल्या, तेव्हा त्यानं मशीन बंद करून मागे वळून पाहिलं. त्या झाडाकडे बघत होत्या. आजारी माणसाच्या उशाशी बसलेलं माणूस जसं बघतं, आपण बघितल्यानं काही होणार नाही हे ठाऊक असूनही, तसं.

त्याच आठवड्यात दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांमध्ये त्याला त्यांच्या दोन्ही पिशव्या दिसल्या. उलट्या करून, उन्हाला लावलेल्या.

"पिशव्या कशाला धुतल्या?" त्यानं बायकोला विचारलं.

या वेळी तिनं आवाज चढवून सांगितलं. "कुबट वास येतो म्हणाली. धाकटीचा फोन आला होता."

"झाड अजून मेलेलं नाही."

"मी कुठे काय म्हणतेय?" ती म्हणाली, आणि मग त्याच्याकडे जरा वेळ बघत राहिली. "तुम्हाला तर सुटका वाटेल की."

ऐकू न आल्याचं सोंग करता येणं, हा बहिरेपणाचा एकच फायदा. शेडमध्ये जाऊन त्यानं एका कोनशिलेवर ग्राइंडर चालवला, आणि मशीनच्या त्या किंचाळण्याच्या आत, जिथे कुणाचंच काही ऐकू येत नाही, तिथे त्याला नीट दिसलं की या पिशव्या भरल्या गेल्या तर घरात काय उरेल. तो 'काय' म्हणणार, ती 'जाऊ दे' म्हणणार. मधे दगड.

म्हणून तो रोपवाटिकेत गेला. वैतागूनच गेला. खिशात एक पिवळं पान घेऊन.

रोपवाटिकेची मालकीण रबरी नळीनं कुंड्यांना पाणी देत होती. तिच्या चेहऱ्यावर दिवसभर त्याच त्या प्रश्नांना उत्तरं देणाऱ्या माणसाचा थकवा होता. पाटीवाल्याला तो ओळखीचा वाटला.

"पानं पिवळी पडलीयेत," तो म्हणाला.

"कशाची?"

"अनंताची."

"वरची की खालची?"

त्यानं खिशातलं पान काढून दाखवलं. "ही."

"अहो, हे झाडावर कुठे होतं? वर की खाली?"

"हे जमिनीवर होतं."

तिनं नळी खाली टाकली. "गळून पडलेलं पान घेऊन येतात लोक. हे म्हातारं होऊन पडलंय. सगळीच पडतात. पिवळी नेमकी कुठली पडतायत? जुनी, खालची, की नवी, शेंड्याची?"

"घरात तीन माणसं बघतायत," तो म्हणाला, "समोरचा कंपाउंडर बघतोय. हे कुणी विचारलं नाही."

"कुणीच विचारत नाही. मग मला येऊन विचारतात. ऐका. खालची पिवळी पडून लोंबत असतील आणि माती पिचपिचीत असेल, तर पाणी कमी करा. खालची सगळी फिकट असतील तर खाणं कमी पडतंय. आणि वरची कोवळी पानं पिवळी, पण त्यांच्या शिरा हिरव्यागार असतील, तर झाडाला लोह मिळत नाही."

"लोह घालू मग?"

"मातीत लोह असतं हो. चुना असला की तो ते धरून ठेवतो, झाडाला देत नाही. अनंताला आंबट माती लागते. चुना त्याचा वैरी." ती त्याला मोठ्यानं सांगत होती, त्याचा कान तिनं एव्हाना ओळखला होता. "भिंतीला सफेदी केली का? बांधकामाचा राडा पडलाय का?"

"नाही."

"तुम्ही काम काय करता?"

त्यानं हात मागे घेतले. "पाट्या लिहितो."

"मग पाट्यांनी काही होत नाही," ती म्हणाली आणि पुन्हा नळी उचलली.

दोन गल्ल्या तो हलका होऊन चालला. पाट्यांनी काही होत नाही. तिसऱ्या गल्लीच्या तोंडाशी रस्ता ओलांडायला थांबला तेव्हा त्याला आपले हात दिसले. नखांच्या कडेनं, बोटांच्या पेरांमध्ये, कितीही धुतलं तरी न जाणारं ते पांढरं. तो मनाशी भांडायला लागला. चुना वेगळा, संगमरवर वेगळा. चुना भट्टीतून येतो, संगमरवर खाणीतून. चुना भिंतीला लावतात, संगमरवराला भिंतीचा मान असतो. बाप मूर्ख नव्हता. कोबी खोटा नव्हता.

घरी येऊन तो सरळ झाडापुढे उकिडवा बसला. खरं म्हणजे तेव्हा त्यानं ते झाड पहिल्यांदा पाहिलं. खालची पानं जाड, काळपट हिरवी, ठणठणीत होती. पिवळी होती ती शेंड्याची, कोवळी. आणि त्या पिवळ्या पानांत एकेक शीर हिरवी होती, मधली जाड, तिला फुटलेल्या बारीक, आणि त्यांना फुटलेल्या केसासारख्या. कोरलेल्या रेघांत हिरवा रंग भरावा आणि वरून कापड फिरवून बाकीचं लख्ख पुसून घ्यावं, तसं. इतकं सुबक काम त्याच्या हातून कधी झालं नव्हतं.

अजून एक गोष्ट त्याला करता येणार होती, आणि ती करायची नव्हती. गिऱ्हाइकाला शंका आली की हा दगड खरा संगमरवर आहे की नकली, तर तो ड्रॉपरच्या बाटलीतून ॲसिडचा एक थेंब त्यावर सोडायचा. खरा असला तर अंगातल्या चुन्यानं फसफसतो. नकली, किंवा दुसऱ्या जातीचा, गप्प राहतो. शेडमधून ती बाटली आणि दोन बशा घेऊन तो आला. एका बशीत पुढच्या दारची माती घेतली, जिन्याखालची. दुसऱ्या बशीत अनंताच्या बुंध्याची.

पुढच्या दारच्या मातीवर थेंब पडला आणि जिरला. काही झालं नाही.

दुसऱ्या बशीत माती उकळली. बारीक, पांढरा, आवेशानं वर येणारा फेस. हाच फेस दाखवताना त्याची मान इतकी वर्षं ताठ व्हायची: बघा, अस्सल माल. आत्ताही माल अस्सलच होता. तो त्या बशीकडे बघत बसला. बापाचं एकच वाक्य होतं त्याच्याकडे, आणि ते कोबीपुरतं होतं.

बायको वाचनालयातून आली तेव्हा तो तिथेच होता.

"मी मारलं झाड," तो म्हणाला. "भुकटीनं."

तिनं बशी पाहिली, बाटली पाहिली. मग जवळ येऊन त्याच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली, "आईला सांगा."

"तू सांग."

"मी बोललेलं तुम्हाला ऐकू येत नाही. गिरणीतल्या बाईला काय येणार? तिचेही कान गेलेत, कळलं नाही तुम्हाला? उगाच ओरडते का ती?"

त्याला खरंच कळलं नव्हतं. त्याला वाटलं होतं, तो स्वभाव आहे.

सासूबाई खोक्यावर बसून ऐकत होत्या. तो मोठ्यानं सांगत होता, त्यामुळे कंपाउंडरही आपल्या खिडकीतून ऐकत होते. भुकटी, बाप, कोबी, थेंब. सगळं सांगून झालं.

"म्हणजे तुम्ही त्याला रोज दगड खायला घालत होता."

"रोज नाही. मूठभर."

"चोरून."

"तुम्ही झोपलेल्या असायचात."

"चोर तेव्हाच येतो. आणि का? तर बापानं सांगितलं होतं."

"कोबीला चालायचं."

"जावईबापू, हा कोबी आहे का?"

"नाही."

"कोबीसारखा दिसतो का?"

"नाही, आई."

"मग?"

पुढचा टोमणा आलाच नाही, आणि ते त्याला कुठल्याही टोमण्यापेक्षा वाईट वाटलं. दोरीवरच्या पिशव्या केव्हाच वाळून आत गेल्या होत्या. त्यानं मनात सासूबाईंना कपड्यांच्या घड्या करताना पाहिलं, पिशव्या भरताना पाहिलं.

"उपटा," त्या म्हणाल्या.

"आई, अजून जगेल ते. खालची पानं चांगली आहेत."

"मी मारा म्हणाले का? उपटा आणि दुसरीकडे लावा. तुमच्या पिठाच्या गिरणीपासून लांब. ती जिन्याखालची माती फसफसली नाही म्हणताय ना?"

दोघांनी खणलं. म्हणजे त्यानं खणलं आणि त्यांनी शिव्यांच्या अलीकडचं सगळं दिलं. मुळाभोवती हात घालून माती मोकळी करताना त्याच्या बोटांना काहीतरी टोचलं. गंजका खिळा. मग आणखी एक. मग मूठभर.

"हे कुठून आलं?"

सासूबाई आकाशाकडे बघायला लागल्या. "माझी एक मैत्रीण होती गिरणीत. ती म्हणायची, झाड पिवळं पडलं की खिळे पुरावेत. लोखंड मिळतं."

"केव्हा पुरलेत?"

"तुम्ही नसताना."

"चोरून."

"तुमच्यासारखं मारायला नाही, जगवायला."

"आई, मीही जगवायलाच," तो म्हणाला, आणि खिळे बाजूला ठेवले. लोखंड तिथेच होतं, मुळाला टेकून. चुना दोघांच्या मधे बसला होता. त्याला उगाच संध्याकाळचं जेवण आठवलं, तो आणि बायको, मधे भांडी.

मुळं धुतली. टाकीत साठवलेलं पावसाचं पाणी वापरलं. बायकोनं पालापाचोळ्याचं कुजलेलं खत आणि रोपवाटिकेतून लोहाचं फवारायचं औषध आणलं. जिन्याखाली दुपारभर सावली असायची आणि सकाळचं कोवळं ऊन तिरकं यायचं. अनंत तिथे गेला.

आणि खोकाही तिथे गेला. याचा विचार त्यानं केला नव्हता. झाड पुढच्या दारी, म्हणजे सासूबाई पुढच्या दारी, म्हणजे मधे आख्खं घर. शेडमध्ये तो, दगड आणि मशीन. मशीन बंद केली की कानात शिट्टी वाजायची, जी कुठूनच येत नव्हती. हवी होती ना शांतता, घे. त्यानं एका स्मृतिशिलेवर 'प्रेमळ' कोरलं आणि थोडा वेळ थांबला. कुणी काही म्हणालं नाही. प्रेमळ तसंच राहिलं, पांढऱ्यावर पांढरं, शंका न घेतलेलं.

धाकटीचा फोन आला तेव्हा तो पाणी प्यायला आत आला होता. फोनवरचं बोलणं अख्ख्या गल्लीला ऐकू जात होतं, त्याला गेलं यात नवल नाही.

"येणार म्हणाले होते, हो. पण झाड आजारी आहे. जावयानं दगड चारला. कोबी समजला. हो, कोबी. आता आजाऱ्याला टाकून कशी येऊ? बरं होऊ दे, मग बघू."

त्यानं पेला खाली ठेवला. लागलं तर इथली, नाही लागलं तर तिथली, असं ठरलं होतं. आता आजारी आहे तोवर इथली. मग बरं झालं की? या बाईचा कुठलाही हिशेब सरळ म्हणून नसायचा. वैतागून तो शेडकडे निघाला आणि अर्ध्या वाटेत थांबला. दगडावर आधी पेन्सिलीनं अक्षरं आखून घ्यावी लागतात. त्या कामाला मशीन लागत नाही, भुकटी उडत नाही. शेडमध्ये तसाही उजेड कमीच होता.

फरशी काखोटीला मारून तो पुढच्या दारी आला.

"तिथेच थांबा," सासूबाई म्हणाल्या. "शर्ट बघा आपला."

शर्ट पांढराफटक होता.

"बदलून या. आणि पॅन्ट झटका. इथे नाही, तिकडे मागे. केसही. अन् तो दगड धुऊन आणा."

"आई, फक्त आखायचंय मला."

"आखा की. मी आखू नका म्हणाले का? झटकून आखा."

झटकून, धुऊन, शर्ट बदलून येईपर्यंत त्याचा जीव मेटाकुटीला आला. हे रोजचंच झालं. जकात नाक्यावर गाडी तपासावी तशा त्या त्याला उभा करून तपासत, कोपर वर करायला लावत, कॉलरच्या आत बघत. मगच पायरीवर बसू देत. तो बसे, मांडीवर फरशी घेई, पट्टी लावी. त्या विचारत, कोण आहे हा? तो नाव वाचून दाखवी. मग त्या माणसाचं काही खरं नसे.

पिवळी पानं हिरवी झाली नाहीत. ती तशीच पिवळी राहिली आणि एकेक करून गळाली. पावसाळा येऊन गेला. झाड काटकीसारखं दिसत होतं. कंपाउंडर येता-जाता 'गेलं' म्हणायचे आणि सासूबाई त्यांना त्यांच्या तब्येतीबद्दल विचारायच्या. मग एका सकाळी शेंड्यावर टोक फुटलं. त्याचं पान व्हायला बरेच दिवस लागले. पान उलगडलं तेव्हा बायको वाचनालयात जाता जाता वाकून बघून गेली. जाताना त्याच्या खांद्यावर हात ठेवून गेली.

तो आणि सासूबाई त्या पानापुढे बसले. नवं, चकचकीत, मधली शीर कुठली आणि भोवतालचं पान कुठलं हे सांगता येऊ नये असं एकजीव हिरवं. सासूबाईंनी ते बोटावर घेतलं, उजेडाकडे वळवलं, डोळे बारीक करून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"पिवळंच आहे अजून," त्या म्हणाल्या.

कुठे पिवळं आहे, असं म्हणायला त्यानं तोंड उघडलं. आयुष्यभर तो रेघ आणि रंग यांवर जगला होता; याबाबतीत त्याला कुणी फसवू शकत नव्हतं. सासूबाई त्याच्याकडे बघत नव्हत्या. त्या पानाकडे बघत होत्या, आणि पान त्यांनी अजून सोडलं नव्हतं.

"आहे खरं," तो म्हणाला. "थोडं."

"थोडं?" त्या म्हणाल्या. "कान गेले ते गेले, आता डोळेही गेले वाटतं तुमचे."